गुलामगिरीचे वकील : लंडनचे साखरव्यापारी, मॉरिशसचे मळेवाले आणि आपली माणसे



दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील काही घरांत चहाच्या टेबलावर साखरेचे एक खास भांडे असे. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेले असे की, ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांच्या हातची नाही. अशी भांडी तिकडच्या संग्रहालयांतून आजही पाहावयास मिळतात. ईस्ट इंडिया म्हणजे आपण. आपल्या देशातील साखर वापरून त्या घरच्या बायका वेस्ट इंडीजमधील गुलाममालकांच्या साखरेवर बहिष्कार टाकीत होत्या. १७९१-९२ च्या सुमारास हा बहिष्कार प्रथम जोरात आला, आणि १८२० नंतर पुन्हा आला.

फैजपूरच्या श्रोत्यांना ऊस आणि साखर ह्यांविषयी मी काही शिकवावे असे नाही. वाडे कुठून भरतात, तोड कधी लागते, उचल कोण घेते, हे आपणांस माझ्याइतकेच ठाऊक आहे. मी आज बोलणार आहे ते ज्यांनी कधी कोयता हातात धरला नाही त्यांच्याविषयी. गुलामगिरी टिकावी म्हणून पन्नास वर्षे ज्यांनी अर्ज केले, साक्षी दिल्या, चोपडी छापली आणि पार्लमेंटात माणसे बसवली, त्या व्यापाऱ्यांविषयी. आणि शेवटी ते हरले असे आपण पुस्तकात वाचतो ते कितपत खरे, ह्याविषयी. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि गेट-मीटिंगमध्ये फार झाले आहे, त्यामुळे ह्या इतिहासाकडे मी वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहतो. विद्वानांनी ते सांभाळून घ्यावे.

पहिला प्रश्न असा की, गुलाम राबत होते जमैकात, डेमरारात, बार्बाडोसमध्ये. मग लंडन आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा जीव एवढा कशात अडकला होता? गुलाम वाहून नेणारी जहाजे त्याची होती हे एक. परंतु १८०७ मध्ये कायद्याने ही वाहतूक बंद झाली, तरी व्यापारी गुलामगिरीच्या मागे उभाच राहिला. त्याचे कारण खानदेशातील माणसाला चटकन समजेल. वेस्ट इंडीजचा मळेवाला ऊस लावी, रस आटवून साखर पाडी आणि ती पिंपांत भरून लंडनच्या व्यापाऱ्याकडे धाडी. व्यापारी ती विकून आपली अडत कापून घेई. पुढच्या हंगामाची उचल तोच देई, मळ्यावर लागणारे लोखंडी सामान, कापड, खारवलेले मासे तोच पाठवी, आणि नवे गुलाम विकत घ्यावयाचे तर कर्जही त्याचेच. ह्या कर्जाला तारण काय? जमीन, कढया, आणि माणसे. गहाणखताबरोबर माणसांच्या नावांची यादी जोडलेली असे. उद्या ती माणसे मोकळी झाली तर लंडनच्या पेढीवरचे अर्धे तारण रातोरात नाहीसे होणार. कापूस आणि केळी ह्यांच्या अडतीवर ज्यांचा संसार चालतो त्यांना ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

ह्या व्यापाऱ्यांची लंडनमध्ये अठराव्या शतकातच संघटना झाली होती. वेस्ट इंडियाचे व्यापारी आणि इंग्लंडात राहणारे मळेवाले एकत्र बसत. बंदरात उतरणाऱ्या साखरेच्या पिंपांवर ठरावीक पट्टी बसवून फंड उभा करीत. मालकांनाही युनियन लागते, आणि त्यांची वर्गणी वेळेवर जमा होते, हे मी माझ्या कामगार बांधवांना नेहमी सांगत आलो आहे. १८०२ मध्ये लंडनला वेस्ट इंडियाच्या मालासाठी म्हणून खास गोदी उघडली, तिच्यामागे जॉर्ज हिबर्ट हा व्यापारी होता. हाच हिबर्ट पुढे जमैका बेटाचा लंडनमधील वकील झाला. पार्लमेंटचे कित्येक सभासद स्वतःच मळ्यांचे मालक होते. त्या काळी मतदारसंघ पैसे मोजून मिळत.

१७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि सरकारने चौकशी सुरू केली. तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी आपले साक्षीदार पाठवले. त्यांत रॉबर्ट नॉरिस नावाचा माणूस होता. त्याने सांगितले की, जहाजावर गुलामांची व्यवस्था उत्तम असते. त्यांच्या राहण्याच्या जागेत धूप जाळतात, लिंबाचा रस शिंपडतात, न्याहारीनंतर ती माणसे नाचतात आणि गातात. मे १७८९ मध्ये विल्बरफोर्सने पार्लमेंटात ह्या साक्षीचा समाचार घेतला. माणसे बेड्यांत राहून मरू लागत, म्हणून त्यांना हातपाय हलवण्यासाठी चाबकाच्या धाकाने उड्या मारावयास लावीत. त्याला ह्या गृहस्थाने नाच म्हटले होते. मजूर कसे मजेत आहेत ह्याचे वर्णन मालकाच्या तोंडून मी पुष्कळ वेळा ऐकले आहे. एका कारखान्याच्या फडावर, जिथे पिण्याच्या पाण्यासाठी बायका शेजारच्या वस्तीत हंडे घेऊन फिरत होत्या, तिथला अधिकारी मला म्हणाला होता की, रात्री ही माणसे गाणी म्हणतात, दुःखी माणूस गाईल का?

१७९१ मध्ये विल्बरफोर्सचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. पुढच्या वर्षी मात्र देशभरातून शेकडो अर्ज आले. लोकमताला सरळ नाही म्हणणे अवघड झाले. तेव्हा हेन्री डंडास उठला आणि त्याने ठरावात एकच शब्द घालावा असे सुचवले : क्रमाक्रमाने. व्यापार बंद करावा, पण क्रमाक्रमाने. हा ठराव २३० विरुद्ध ८५ मतांनी मंजूर झाला. विरोधकांना आपण विरोधक आहोत असे म्हणावे न लागता सगळ्यांची बाजू राहिली. सभागृहाने १७९६ ची मुदत घातली. सरदारांच्या सभेने आम्ही आमच्या साक्षी घेऊ म्हणून ते लांबणीवर टाकले. आणि प्रत्यक्षात कायदा झाला तो १८०७ मध्ये. एका शब्दाने पंधरा वर्षे मिळाली. ह्या पंधरा वर्षांत जहाजे चालूच होती. मागणीपत्रावर ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा पडला की अनुभवी कामगाराचा चेहरा उतरतो, तो ह्याचमुळे.

१८०७ नंतर माणसे वाहून आणणे बंद झाले, पण जी होती ती गुलामच राहिली, आणि त्यांची मुलेही. १८२३ मध्ये प्रश्न पुन्हा निघाला. ह्या वेळी वेस्ट इंडियाच्या व्यापाऱ्यांनी आणखी एक काम हाती घेतले. त्यांनी एक ‘साहित्य समिती’ नेमली. नाव ऐकून आपल्याला कवितावाचन आठवेल. तिचे काम होते पुस्तिका छापणे, मासिकांत आणि वर्तमानपत्रांत अनुकूल मजकूर येईल असे पाहणे, आणि लिहिणाऱ्यांचा खर्च भागवणे. त्यांचे मुद्दे ठरलेले होते. मालमत्ता पवित्र आहे आणि ती कायद्याने दिलेली आहे. उद्योग बुडाला तर खलाशी, गोदीकामगार, साखर शुद्ध करणारे, सगळे बेकार होतील. आपण सोडले तर फ्रेंच आणि स्पॅनिश उचलतील. गुलामाला म्हातारपणी अन्न मिळते, इंग्लंडच्या गिरणीकामगाराला ते कुठे मिळते? शेवटच्या मुद्द्यात थोडे तथ्य होते. मँचेस्टरच्या गिरण्यांत लहान मुले बारा-चौदा तास राबत होती. पण ज्यांनी हा मुद्दा काढला त्यांनी त्या मुलांसाठी कधी बोट हलवले नव्हते.

इथे आपला देश पुन्हा पुढे येतो. लिव्हरपूलमध्ये जेम्स क्रॉपर नावाचा क्वेकर पंथाचा व्यापारी होता. तो म्हणे, हिंदुस्थानच्या साखरेवर जास्त जकात आहे, म्हणूनच गुलामांची साखर टिकते. जकात सारखी करा, गुलामगिरी आपोआप मोडेल. त्याला वर्तमानपत्रातून उत्तर दिले ते ‘मर्केटर’, म्हणजे व्यापारी, ह्या टोपणनावाने जॉन ग्लॅडस्टनने. हा लिव्हरपूलचा मोठा व्यापारी, डेमरारातील मळ्यांचा मालक, आणि पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. त्याच्या बाजूचे लोक म्हणत की क्रॉपर स्वतःच हिंदुस्थानचा माल आणतो, म्हणजे त्याचाही पोटभरू हेतू आहे. आणि दुसरे, हिंदुस्थानात तरी गुलाम नाहीत काय?

हा दुसरा टोला आपल्याला लागला पाहिजे, कारण तो खरा होता. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, सरकारी कोठ्यांत आणि मोठ्या वाड्यांत त्या राबत. त्यांची मुलेही तिथलीच. मलबारात तर शेतमजुरांच्या जातीच्या जाती जमिनीबरोबर विकल्या जात होत्या. सोनेरी अक्षरांचे ते भांडे म्हणजे पूर्ण सत्य नव्हते. परंतु ग्लॅडस्टनच्या कंपूला कुणबिणींची कणव आली होती असे कोणी समजू नये. त्यांना एवढेच साधावयाचे होते की, सगळीकडेच असे आहे तर आमच्याकडेच का बोट दाखवता. पुढे गुलामगिरी बंद करण्याचा १८३३ चा कायदा झाला तेव्हा कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना ही त्यातून वगळली गेली. आपल्याकडे १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला कोर्टाचा आधार मिळणे बंद झाले, आणि गुन्हा ठरली ती १८६० च्या पीनल कोडाने. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हा कायदा होऊन तीसच वर्षे झाली होती. त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ ह्या हिशेबाने लावावा.

ह्या सगळ्या वादात गुलाम काय करीत होते? इतिहास सांगणारे विल्बरफोर्सपाशी थांबतात, मला ते पटत नाही. ऑगस्ट १८२३ मध्ये डेमरारात हजारो गुलाम उठले, ते प्रथम जॉन ग्लॅडस्टनच्याच ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावर. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एकाचे नाव होते जॅक ग्लॅडस्टन. मालकाचे आडनाव गुलामाला चिकटवीत. त्याचा बाप क्वामिना मारला गेला आणि त्याचे प्रेत मळ्यासमोर साखळ्यांनी टांगून ठेवले. डिसेंबर १८३१ मध्ये, नाताळच्या सुट्टीनंतर, जमैकातील गुलामांनी ठरवले की मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जावयाचे नाही. त्यांचा पुढारी सॅम शार्प. ह्याला इतिहासात बंड म्हणतात. त्याची सुरुवात मात्र संपाची होती. पुढे मळे जळाले, तीनशेहून अधिक माणसे फाशी गेली किंवा गोळ्यांना बळी पडली, आणि मे १८३२ मध्ये शार्पलाही फाशी दिले. त्यानंतर लंडनच्या सरकारला कळून चुकले की, ही व्यवस्था फौजेवाचून एक दिवस चालणार नाही. त्याच वर्षी मतदानाचा कायदा सुधारला आणि पैशाचे मतदारसंघ गेले. व्यापाऱ्यांचे पार्लमेंटातील बळ ओसरले.

आता वाटाघाटी पाहा. मे १८३३ मध्ये वसाहतमंत्री स्टॅन्लीने मांडले की मालकांना दीड कोट पौंड कर्जाऊ द्यावे, आणि गुलामांनी मोकळे होण्यापूर्वी बारा वर्षे ‘उमेदवारी’ करावी. तीन महिन्यांनी कायदा झाला तेव्हा दीड कोट कर्जाचे दोन कोट झाले, आणि कर्ज जाऊन ती बक्षिसी झाली. दुसऱ्या बाजूच्या दबावाने उमेदवारीची बारा वर्षे शेतावरच्या माणसांसाठी सहावर आली. सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के एवढी ही रक्कम होती. भरपाई मिळाली ती मालकाला. गुलामाला एक पैसा नाही. उलट आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत बिनमजुरीचे काम. म्हणजे आपल्या सुटकेच्या किमतीचा एक भाग त्याने स्वतः घाम गाळून भरला. रक्कम ठरवण्यासाठी माणसांची प्रतवारी झाली : मुकादम, कारागीर, शेतकामाचे, घरकामाचे, सहा वर्षांखालील मुले, म्हातारे.

चाळीस हजारांहून अधिक दावे निकाली निघाले. त्यांत विधवा होत्या, पाद्री होते, दोनचार गुलामांचे लहान मालक होते. परंतु जवळजवळ अर्धी रक्कम इंग्लंडातच राहणाऱ्या थोड्या हजार लोकांकडे गेली, आणि त्यांत गहाणखते बाळगणारे व्यापारी पुष्कळ. मळेवाल्याच्या हातात पडण्यापूर्वीच अडत्याने आपले वळते करून घेतले. जॉन ग्लॅडस्टनला अडीच हजार माणसांबद्दल लाखाच्या वर पौंड मिळाले. ह्या भरपाईसाठी सरकारने १८३५ मध्ये रॉथशिल्ड आणि माँटेफिओरी ह्यांच्याकडून दीड कोट पौंडांचे कर्ज उभारले. त्याचा शेवटचा अंश इंग्लंडच्या तिजोरीने २०१५ मध्ये फेडला. जमैकातून इंग्लंडात जाऊन बस चालवणारी, इस्पितळात राबणारी गुलामांची पणतवंडे त्या वर्षापर्यंत आपल्या करातून हे फेडीत होती.

हा झाला अटलांटिकचा व्यवहार. पण हाच कायदा हिंदी महासागरातील एका बेटालाही लागू होता, आणि तिथे आपला मराठी माणूस ह्या कथेत शिरतो. ते बेट म्हणजे मॉरिशस.

मॉरिशस इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतले. मळेवाले मात्र फ्रेंचच राहिले. १८२५ मध्ये त्यांच्या साखरेला वेस्ट इंडीजइतकीच जकात लागू झाली आणि बेटभर ऊस झाला. कायद्याने बंदी असतानाही मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चोरून माणसे येत राहिली. १८२६ मध्ये पार्लमेंटला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. मळेवाल्यांचा पुढारी आद्रियाँ देपिने, पेशाने वकील. तो लंडनला जाऊन बसला, मंत्र्यांना भेटला, सवलती घेऊन आला. वर्तमानपत्र काढण्याचे स्वातंत्र्यही त्याने मिळवले आणि १८३२ मध्ये ‘ल सेर्नेएँ’ हे पत्र सुरू केले. मुद्रणस्वातंत्र्य ही किती थोर गोष्ट! मॉरिशसमध्ये ते प्रथम वापरले गेले ते गुलामगिरीच्या बचावासाठी.

त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने जॉन जेरेमी नावाचा गुलामगिरीविरोधी कायदेपंडित तिथे सरकारी वकील म्हणून पाठवला. तो उतरला आणि पोर्ट लुईची दुकाने बंद झाली. व्यवहार थांबले, गोऱ्यांनी हत्यारबंद पथके उभारली. कोर्टात त्याला शपथ देण्यासाठी बसावयास न्यायाधीश तयार होईनात, कारण ते स्वतःच गुलाममालक. जवळजवळ चाळीस दिवस हे चालले. शेवटी गव्हर्नरने जेरेमीलाच परत पाठवले. मी आजवर पुष्कळ संप पाहिले आणि काही केले. पण मालकांचा एवढा एकजुटीचा आणि एवढा यशस्वी संप माझ्या वाचनात दुसरा नाही. त्यात एकावरही लाठी पडली नाही. देपिनेचा पुतळा पुढे पोर्ट लुईच्या बागेत उभारला गेला.

भरपाईत मॉरिशसच्या वाट्याला एकवीस लाखांहून अधिक पौंड आले. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथे गुलामगिरी कायद्याने संपायची होती. त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ जहाज छत्तीस हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. कलकत्त्याकडून आणलेली ही डोंगराळ मुलखातील माणसे होती. आणणारी हंटर-आर्बथनॉट कंपनी. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तूप आणि कपडे. सुटका होणाऱ्या माणसाने वाजवी मजुरी मागू नये म्हणून त्याच्या शेजारी दुसरा माणूस आधीच आणून उभा केला. जॉन ग्लॅडस्टनलाही हे समजले. जानेवारी १८३६ मध्ये त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स-आर्बथनॉट पेढीला पत्र लिहून डेमरारासाठी अशीच माणसे मागितली. पेढीने उत्तरात कळवले की काही अडचण नाही. ही डोंगरातली माणसे माकडाच्या जवळची आहेत आणि आपण कुठे चाललो, प्रवास किती लांबचा, हे त्यांना समजत नाही. व्यापारी पत्रात हा दोष म्हणून नव्हे, मालाचा गुण म्हणून लिहिला होता.

मॉरिशसच्या करारातील एक कलम आपल्याला ओळखीचे वाटेल. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. त्याला तिथे ‘दुहेरी काट’ म्हणत. आजारीपणाचेही त्यात धरीत. अशा रीतीने पाच वर्षे राबलेल्या माणसाच्या हातात कधी कधी साडेतीन वर्षांचीच मजुरी पडे, आणि कापलेल्या दिवसांची भर करारावर घालून तो लांबवीत. आपल्याकडच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतलेली असते. आणि बाई आजारी पडून एक दिवस फडावर आली नाही तर मजुरी तर जातेच, वर ‘खाडा’ म्हणून दंड उचलीत वाढतो. चाळीसगावकडच्या आणि सातपुड्यातल्या टोळ्यांसाठी मी ह्या खाड्यावर कितीदा भांडलो असेन. एकदा मुकादमाने मला शांतपणे विचारले, “भाऊ, हा नियम माझ्या आजापासून आहे, तुम्ही कोण बदलणारे?” मी मनात म्हटले, तुझ्या आजाच्याही आधीपासून आहे, मॉरिशसात आहे.

इंग्लंडात आणि कलकत्त्यात ह्या मजूरवाहतुकीविरुद्ध गवगवा झाला. १८३८ मध्ये कलकत्त्यात सभा झाली, चौकशी समिती बसली, १८३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने वाहतूक बंद केली. १८४० मध्ये खुद्द वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेलने लिहिले की, गुलामगिरीची नवी पद्धत सुरू करणारे पाऊल आपण उचलू इच्छीत नाही. हा शब्दप्रयोग विरोधकांचा नाही, मंत्र्याचा आहे. मग मॉरिशसचे मळेवाले आणि लंडनमधील त्यांचे अडते पुन्हा कामाला लागले. ह्या वेळी त्यांच्या अर्जांत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नव्हता. ते ‘मुक्त मजुरी’च्या नावाने मागत होते : हिंदी माणसाला आपली मेहनत हवी तिथे विकण्याचे स्वातंत्र्य नको काय? दोन वर्षांच्या आत, १८४२ मध्ये, वाहतूक पुन्हा सुरू झाली, आणि कलकत्ता, मद्रास ह्यांच्या जोडीला मुंबई बंदरही खुले झाले.

मुंबईहून गेली ती बहुतेक कोकणातली, रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसे. बंगाल आणि मद्रासच्या मानाने थोडी, पण हजारांनी. सगळी मिळून सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे १८३४ ते १९१० ह्या काळात त्या बेटावर उतरली. १८६१ पर्यंत तिथल्या दर तीन माणसांत जवळजवळ दोन हिंदी झाली होती. आणण्याचा बराच खर्च बेटाच्या तिजोरीतून, म्हणजे सुटलेल्या गुलामांच्याही करातून होई. माणसे एवढी आणली की मजुरी वर्षानुवर्षे पाच रुपयांच्या आसपासच घुटमळली. करार संपलेल्या माणसाला छायाचित्र लावलेला परवाना जवळ ठेवावा लागे. तो नसला की पोलीस भटक्या म्हणून पकडीत.

१८७१ साली ह्या जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. अर्ज तयार करण्यास आदोल्फ द प्लेव्हिट्झ ह्या मळ्यावर राहणाऱ्या युरोपियनाने मदत केली. मळेवाल्यांनी त्याला रस्त्यात गाठून मारले, आणि ह्या माणसाला बेटावरून घालवा असा उलट अर्ज गव्हर्नरकडे केला. तरीही लंडनहून रॉयल कमिशन आले आणि १८७५ मध्ये त्याच्या अहवालात अर्जातील बहुतेक तक्रारी खऱ्या ठरल्या. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळला गिरणीकामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांनिशी आठवड्याची सुट्टी मागितली, त्याच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कामगारांच्या अर्जांचा इतिहास लिहावयाचा झाला तर मॉरिशसच्या त्या अर्जाला वरचे पान द्यावे लागेल.

पद्धत बंद व्हावयास मात्र आणखी चाळीस वर्षे लागली, आणि तिच्यावर घाव घालणारा आपल्याच प्रांतातला निघाला. ४ मार्च १९१२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणला की, करारबंद मजुरीची भरती सर्वस्वी बंद करावी. माणसाला करार समजत नाही. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याच्या नियमाने संसारांची धूळधाण होते. मळ्यांवर आत्महत्यांचे प्रमाण भयंकर आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. सरकारच्या वतीने उत्तर आले ते आपण आता तोंडपाठ म्हणू शकाल : मजूर तिथे सुखी आहेत, इथल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळवतात, दोष असतील ते हळूहळू सुधारू. ठरावाच्या बाजूने बावीस मते पडली, सगळी बिनसरकारी हिंदी सभासदांची. ठराव पडला. गोखले १९१५ मध्ये गेले, आणि १९१७ मध्ये भरती थांबली.

मॉरिशसमध्ये आज १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर ह्या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. एक गुलामगिरी संपल्याची, दुसरी करारबंद मजूर आल्याची. गणेशचतुर्थीलाही असते, ती तिथल्या मराठी माणसांमुळे. कोकणातली जाखडी ते अजून नाचतात. बंदरावरच्या ज्या ठाण्यात मजुरांना उतरवून घेत त्याचे अवशेष, म्हणजे ‘आप्रवासी घाट’, २००६ पासून जागतिक वारशात आहेत. आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज आणि मळा, असे रकाने. पुढच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रही आहे. पणजोबाचे गाव शोधण्यासाठी तिथली माणसे त्या वह्या उघडतात, आणि इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले गावाचे नाव घेऊन कोकणात चौकशी करीत येतात.